न्गोरोंगोरो : विवरात उतरण्यापूर्वी

टांझानियाच्या उत्तर भागातील न्गोरोंगोरो हे ज्वालामुखीचे विवर आता आपल्याकडील कुटुंबांच्या सहलींतही स्थान मिळवू लागले आहे. त्यामुळे बालरोगतज्ज्ञाला अलीकडे एक नवा प्रश्न ऐकू येतो : "डॉक्टर, मुलांना आफ्रिकेला न्यायचे आहे, कोणती इंजेक्शने द्यावी लागतील?" हा प्रश्न बहुधा निघण्याच्या आठवडाभर आधी विचारला जातो आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. सभासदांना स्वतः जाताना आणि इतरांना सल्ला देताना उपयोग व्हावा, या हेतूने हे टिपण लिहीत आहे.

विवर म्हटले की आपल्याला लोणार आठवते. परंतु लोणार उल्कापाताने झाले. न्गोरोंगोरो हे सुमारे वीस-पंचवीस लक्ष वर्षांपूर्वी एक प्रचंड ज्वालामुखी पर्वत स्वतःच्याच पोटात खचल्याने निर्माण झाले. लोणारचा व्यास जेमतेम १.८ किलोमीटर, तर न्गोरोंगोरोच्या तळाचेच क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या अडीचपट म्हणा ना! कड्यापासून तळ सुमारे ६०० मीटर खोल आहे. कडा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटरवर, म्हणजे आपल्या उटीपेक्षाही किंचित उंच. हा उंचीचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. कपडे, मुक्काम आणि हिवतापाच्या गोळ्या या तिन्हींचा निर्णय त्यावर अवलंबून आहे.

तळाशी सुमारे पंचवीस हजार मोठे प्राणी राहतात. विल्डबीस्ट, झेब्रे, रानम्हशी, सिंह, तरस, क्षारसरोवराकाठी रोहित पक्षी आणि नशीब असेल तर दुर्मीळ काळा गेंडा दिसतो. जिराफ मात्र नाहीत. उभे कडे आणि आवडीच्या झाडांची वानवा ही त्याची कारणे मानली जातात. येथील सिंहांची कथा वैद्यकीय वाचकांना विशेष रुचेल. १९६२ साली अतिवृष्टीनंतर चावऱ्या माश्यांचे थैमान झाले आणि विवरातील सिंह जेमतेम दहाच्या आसपास उरले. बाहेरून काही नर आले, त्यानंतर मात्र आवक जवळजवळ थांबली. पुढील पिढ्या त्याच मोजक्या पूर्वजांपासून वाढल्या. संशोधकांना त्यांच्यात जनुकीय विविधतेची घट आणि नरांच्या शुक्रजंतूंमध्ये विकृती आढळली. सगोत्र विवाहाच्या दुष्परिणामांवर आपण पालकांना जे व्याख्यान देतो, त्याचे इतके ढळढळीत उदाहरण अन्यत्र क्वचितच मिळेल.

जाण्याचा काळ मुलांच्या शाळा ठरवतात. मार्च ते मे हा तेथील मोठा पावसाळा, आणि आपली उन्हाळी सुटी नेमकी त्यातच येते. रस्ते निसरडे, गवत उंच. मात्र गर्दी कमी आणि लॉजचे दरही कमी. जून ते ऑक्टोबर कोरडा काळ उत्तम, पण तेव्हा परीक्षा आणि प्रवेश आडवे येतात. सेरेंगेटीतील स्थलांतर पाहायचे तर महिना निवडावाच लागतो. विवरातील प्राणी बहुतांशी बारमाही तेथेच असल्याने मे महिना अगदीच वाया जात नाही. दिवाळीची सुटी मला त्यातल्या त्यात सोयीची वाटते.

अरुशाहून कराटूमार्गे प्रवेशद्वारापर्यंत डांबरी रस्ता आहे. तीन-चार तास धरावेत. कड्यावरील लॉजमधून दिसणारे दृश्य अपूर्व असते, परंतु जून ते ऑगस्टमध्ये तेथील रात्री बोचऱ्या थंडीच्या आणि धुक्याच्या असतात. दम्याचे मूल बरोबर असल्यास कराटूसारख्या कमी उंचीच्या गावी मुक्काम करून पहाटे निघणे बरे. विवराचे रस्ते सकाळी सहाला उघडतात आणि सायंकाळी सहापूर्वी बाहेर पडावे लागते. उतरण्यासाठी प्रत्येक गाडीमागे वेगळे शुल्क असते. ते माणशी प्रवेशशुल्काहून निराळे आहे, तेव्हा दरपत्रकात धरले आहे की नाही ते आधीच विचारावे. तळावर नेमलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरता येत नाही आणि स्वच्छतागृहे मोजकीच आहेत. म्हणून सहा-सात वर्षांखालील मुलांना या दिवसाचा त्रासच अधिक होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. न्गोइटोकिटोक या जलाशयाकाठच्या जागी डबा खाण्याची सोय आहे. तेथील घारी हातातला घास झडप घालून पळवतात, तेव्हा मुलांनी गाडीतच खावे. फराळ डब्यांतून न्यावा, कारण टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. बेळगावचा कुंदा डब्यातही छान टिकतो!

आता लसीकरण. टांझानियात पीतज्वराचा धोका अल्प आहे. अडचण वाटेत आहे. आपल्याकडील बरेच प्रवासी नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जातात. केनिया आणि इथिओपिया हे पीतज्वराचे देश मानले जातात. तेथून टांझानियात शिरताना प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते. परततानाचा नियम अधिक कडक आहे. प्रमाणपत्र नसलेल्यास भारतात सहा दिवसांपर्यंत विलग ठेवता येते. केवळ विमानतळावर थांबलेल्यांना सूट मिळू शकते, परंतु ती आरोग्य अधिकाऱ्याच्या निर्णयावर असते. ही लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते. मुंबई, मुरगाव अशा बंदरांची आरोग्य कार्यालये त्यांत मोडतात. प्रमाणपत्र लशीनंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य होते आणि २०१६ पासून ते आजन्म चालते. आठवडाभर आधी येणाऱ्या पालकांची पंचाईत होते ती येथेच.

ही जिवंत लस असल्याने प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना ती देता येत नाही. सहा महिन्यांखालील बालकांना ती वर्ज्य असून नऊ महिन्यांपर्यंत टाळणेच योग्य. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीपासून शक्य तर चार आठवड्यांचे अंतर ठेवावे. साठीच्या पुढे गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते. तेव्हा आजी-आजोबांचा मार्गच असा आखावा की लशीची गरज पडू नये.

हिवतापाबाबत मात्र तडजोड नको. टांझानियात १,८०० मीटरखालील सर्व भागांत त्याचा धोका मानतात, आणि तेथे मुख्यतः फॅल्सिपेरम आढळतो. कड्यावर धोका नगण्य. विवराच्या तळावर आपण दिवसा असतो आणि हिवतापाचा डास चावतो रात्री. परंतु कोणी केवळ विवर पाहून परतत नाही. अरुशा सुमारे १,४०० मीटरवर, मन्यारा सरोवर हजाराच्याही खाली आणि सेरेंगेटीचा बहुतेक भाग याच पट्ट्यात आहे. म्हणून गोळ्या घ्याव्याच लागतात. क्लोरोक्वीन तेथे निरुपयोगी आहे. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यायचे असते. मुलांची मात्रा वजनावर ठरते. लहान गावांत हे औषध सहज मिळेलच असे नाही, म्हणून मागणी आधी नोंदवावी. मेफ्लोक्वीन आठवड्यातून एकदा घ्यायचे, पण दोन-तीन आठवडे आधीपासून, आणि झटके किंवा मानसिक आजार असल्यास मुळीच नाही. डॉक्सिसायक्लिन आठ वर्षांवरील मुलांना चालते. ही दोन्ही औषधे परतल्यानंतर चार आठवडे चालू ठेवावी लागतात, आणि बहुतेकजण नेमके तेव्हाच सोडतात. गोळ्या घेतल्या तरी मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच.

मे महिन्यात गेलेले कुटुंब जूनमध्ये परतते. आपल्याकडे तेव्हा पावसाळी तापांना सुरुवात झालेली असते, आणि तापलेल्या मुलाला सहज "व्हायरल" किंवा "डेंगी" म्हटले जाते. फॅल्सिपेरमचा ताप डास चावल्यानंतर साधारण सात दिवसांनी ते तीन महिन्यांपर्यंत येऊ शकतो, आणि मुलात तो एक-दोन दिवसांत झटके, बेशुद्धी व रक्तशर्करेची घट यांपर्यंत जातो. अशा तापात त्याच दिवशी रक्ताची काच तपासावी. ती निर्दोष आली तरी बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, एकूण तीन वेळा. परतलेल्या पालकांना मी मुलांच्या फायलीवर एक ओळ लिहून देतो : टांझानियाहून परतल्याची तारीख, आणि त्यापुढील तीन महिन्यांत ताप आल्यास प्रथम हिवतापाची तपासणी.