साडेसात मिलिलिटरमधल्या मोजक्या पेशी

एक मिलिलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी असतात आणि ४० लाख ते १ कोटी १० लाख पांढऱ्या. मूळ गाठीपासून सुटलेली कर्कपेशी या गर्दीत एखादीच, तीही असली तर. ती शोधणारी सेलसर्च पद्धत अमेरिकेत २००४ मध्ये पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी मंजूर झाली. तिची ही कृती.

रक्त घेताना झालेली चूक पुढे कोणतंही यंत्र दुरुस्त करत नाही. सुई आत शिरताना कातडीच्या पेशी सोबत नेते, आणि त्या कर्कपेशींसारख्याच रंगतात. म्हणून पहिली नळी या चाचणीला घेऊ नका, दुसऱ्या तपासणीला द्या. नंतर पेशी टिकवणारं द्रव्य असलेली नळी भरा आणि ८ वेळा हलकेच उलटीसुलटी करा. झटकू नका, फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नका. खोलीच्या तापमानाला ती ९६ तास चालते. रुग्णाला डॉक्सोरुबिसिन दिलं असेल तर मध्ये किमान ७ दिवस जाऊ द्या. ते औषध स्वतःच चमकतं.

७.५ मिलिलिटर रक्तात ६.५ मिलिलिटर बफर मिसळा. सेंट्रिफ्यूजमध्ये ८०० जी बलाने १० मिनिटं फिरवा, पण ब्रेक बंद ठेवून. यंत्र झटक्यात थांबलं की वेगळे झालेले थर पुन्हा ढवळतात.

आता नळी यंत्रात ठेवा. यंत्र वरचा प्लाझ्मा काढून लोहाचे नॅनोकण सोडतं. कण शे-दीडशे नॅनोमीटरचे, म्हणजे द्रवात तरंगत राहतील इतके बारीक. त्यांच्या अंगावर एपकॅम हे प्रथिन ओळखणारी प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. एपकॅम रक्तपेशींवर नसतं, स्तन किंवा आतड्याच्या गाठीतून आलेल्या पेशींवर बहुधा असतं. चुंबक लावला की कण चिकटलेल्या पेशी भिंतीकडे ओढल्या जातात आणि बाकीचं रक्त निथळून जातं. पुण्यातल्या ॲक्टोरियस कंपनीची ऑन्कोडिस्कव्हर चाचणीही चुंबकी लोहकण आणि एपकॅम यांवरच उभी आहे.

तरी काही पांढऱ्या पेशी सोबत येतातच. म्हणून तीन रंग: केंद्रकाला एक, गाठीतून आलेल्या पेशींतल्या सायटोकेरॅटिन या प्रथिनाला दुसरा, पांढऱ्या पेशींच्या सीडी४५ ला तिसरा. नमुना अंधारात ठेवा आणि २४ तासांच्या आत चित्रं घ्या. त्याच दिवशी ओळखीच्या स्तनकर्क-पेशींचा नमुनाही चालवा. त्या नीट सापडल्या नाहीत, तर रुग्णाचा आकडा देऊ नका.

शेवटी डोळ्यांचं काम. केंद्रक दिसतं, सायटोकेरॅटिन चमकतं, सीडी४५ नाही, आकार किमान ४ मायक्रोमीटर: अशीच पेशी मोजा. शंकेचं चित्र सहकाऱ्याला दाखवा. पसरलेल्या स्तनकर्करोगात ५ किंवा जास्त पेशी ही चिंतेची खूण, मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ३.

काही कर्कपेशी एपकॅम टाकून देतात आणि चुंबकाला सापडतच नाहीत. म्हणून शून्य आलं तर अहवालात ‘या नमुन्यात आढळल्या नाहीत’ एवढंच लिहा. ‘कर्करोग नाही’ असं लिहू नका.