स्मरणाच्या खुंट्या

ज्यांस वाचतां येत नाहीं, त्यांचें सारें धन स्मरणांतच असतें. तें सांडूं नये म्हणून त्यास खुंटी पाहिजे.

स्तोत्रसंहितेंतील ११९ वें स्तोत्र आपण पाहूं. त्यांत १७६ वचनें आहेत. इब्री वर्णमालेचीं अक्षरें २२. एकेका अक्षराच्या वांट्यास आठ वचनें, आणि त्या आठांचाही आरंभ त्याच अक्षरानें होतो. पुढील अक्षर आठवलें कीं पुढील वचन आठवण्यास मदत होते. मराठी भाषांतरांत ही सोय उतरली नाहीं, कारण अक्षरांची खूण परभाषेंत टिकत नाहीं. तेव्हां आपल्या खुंट्या आपणच ठोकल्या पाहिजेत.

इंद्रधनुष्याचे रंग आपलीं मुलें ‘तानापिहिनिपाजा’ या एका शब्दांत सांगतात: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. निरक्षरास तर स्वतःची मूठ पुरे. तर्जनीच्या उंचवट्यावर जानेवारी, पुढील खळग्यांत फेब्रुवारी, असें मोजीत जावें. करंगळीवर जुलै येतो, आणि ऑगस्ट पुन्हां तर्जनीवर धरावा. उंचवट्यावरील महिने ३१ दिवसांचे, खळग्यांतील ३० चे. फेब्रुवारी मात्र २८ किंवा २९ चा.

परंतु ज्यास रंगच ओळखतां येत नाहींत, त्यास ‘तानापिहिनिपाजा’ हा नुसता गलबला होय. म्हणून आम्ही शिक्षकबंधूंस सुचवितों कीं, आधीं अर्थ समजवावा, मग खूण द्यावी, आणि दुसऱ्या दिवशीं पुस्तक मिटून विचारावें. रिकाम्या खुंट्यांनीं घर भरत नाहीं.