वनवृक्षांचे बी : थंडी व तांबेरा यांची दुहेरी कसोटी

पिकाचे बियाणे सदोष निघाले, तर शेतकऱ्याचा एक हंगाम वाया जातो. वनवृक्षाच्या बियातील दोष मात्र अनेक वर्षांनी उघडकीस येतो. तोवर जमीन, पैसा व श्रम त्यात गुंतून पडलेले असतात. म्हणून लागवडीपूर्वीच बियाची पारख होणे अगत्याचे आहे. या दृष्टीने अमेरिकेच्या दक्षिण भागातील लोब्लोली पाइन या वृक्षावर झालेले संशोधन उद्बोधक आहे.

लुइझियाना राज्यातील बोगालुसा येथे 1927 साली लुइझियाना, टेक्सास, जॉर्जिया व आर्कान्सा या चार राज्यांतील बियांपासून तयार केलेली रोपे शेजारी शेजारी लावण्यात आली. जात एकच, जमीन एकच व वयही एकच. तरीही जॉर्जियातील बियाच्या झाडांना तांबेऱ्याने फार ग्रासले. लुइझियानातील स्थानिक बियाची झाडे बहुतांशी निरोगी राहिली व त्यांनी लाकूडही सर्वांत जास्त दिले. पुढे 1951 पासून अनेक राज्यांत मिळून मोठ्या प्रमाणावर अशाच चाचण्या सुरू झाल्या.

तांबेऱ्याचे स्वरूप : हा रोग एका बुरशीमुळे होतो. ती आपल्या जीवनक्रमाचा काही भाग ओक वृक्षाच्या पानांवर व काही भाग पाइनवर घालविते. वसंत ऋतूत ओकच्या पानांवरील बीजाणू वाऱ्याने पाइनच्या कोवळ्या शेंड्यांवर येतात. तेथे चातीच्या आकाराची गाठ धरते. गाठ खोडावर असल्यास रोप मरते अथवा मोठे झाड वाऱ्याने तेथेच मोडते.

थंडीची मर्यादा : रोगास दाद न देणारे बी सर्वत्र चालेल, असे मात्र नाही. उबदार प्रदेशातील बियाची झाडे शरद ऋतूत उशिरापर्यंत वाढत राहतात व कडाक्याच्या थंडीत त्यांची पाने व शेंडे करपतात. बी जेथील असेल, त्यापेक्षा हिवाळ्यातील सरासरी नीचांकी तापमान सुमारे 3 ते 4 अंश सेल्सिअसने कमी असलेल्या ठिकाणापर्यंत ते नेता येते. हा फरक 5 ते 6 अंशांवर गेल्यास नुकसान संभवते, असे आढळून आले आहे.

पारख करण्याची रीत : निवडक मातृवृक्षांच्या रोपांवर बीजाणूंचा फवारा मारून काही महिन्यांनी किती रोपांवर गाठी धरल्या, हे मोजतात. थंडीच्या परीक्षेसाठी पानांचे तुकडे गोठवून नंतर पाण्यात ठेवतात. पेशी फुटल्या असल्यास त्यांतील क्षार पाण्यात उतरतात. त्यावरून इजा किती झाली, हे समजते. तांबेऱ्यास प्रतिकार करणारा एक जनुक 1996 मध्ये निश्चित करण्यात आला. परंतु बुरशीचे काही प्रकार त्यालाही दाद देत नाहीत. यास्तव एकाच मातृवृक्षाच्या संततीवर सारी लागवड अवलंबून ठेवणे धोक्याचे ठरते.

लोब्लोली पाइन हा महाराष्ट्रातील वृक्ष नव्हे. परंतु त्यावरील प्रयोगांतून मिळणारा धडा सर्वत्र लागू पडतो. ग्रामसेवकांनी साग वा अन्य वृक्षांची रोपे वाटताना बी कोणत्या भागातून आणले, याची नोंद ठेवावी. शेतकऱ्यांनीही रोपे घेताना बियाचे मूळस्थान विचारावे. बी निरोगी झाडांचे व सारख्या हवामानातील असावे आणि ते अनेक झाडांवरून गोळा केलेले असावे. नोंद असली, म्हणजे पुढील पिढीस कोणते बी टिकले व कोणते फसले, याचा उलगडा होईल.