पाठ १२ : दुरून डोंगर साजरे, आणि ग्रहसुद्धा!

पुण्याहून कोकणात जाताना गाडीच्या खिडकीतून लांबचे डोंगर पाहिलेत कधी? निळसर, मऊ, चित्रातल्यासारखे दिसतात. जवळ जाऊन चढायला लागलं, की मात्र दगड, काटे, ऊन आणि दमछाक! म्हणून मराठीत म्हण आहे, 'दुरून डोंगर साजरे'. साजरे म्हणजे सुंदर, शोभून दिसणारे. आज ही म्हण आपण एका ग्रहाला लावून बघू या.

आधी थोडी ओळख

आपल्या सूर्याभोवती आठ ग्रह फिरतात, हे तुम्हांला माहीत आहेच. पण रात्री दिसणारे तारे हेही सूर्यच आहेत, फक्त फार लांबचे. त्यांच्यापैकी पुष्कळांभोवती ग्रह फिरतात. अशा ग्रहांना बाह्यग्रह म्हणतात. १९९५ साली मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ या स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला बाह्यग्रह शोधला. त्यासाठी २०१९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आज आपल्याला ६००० हून अधिक बाह्यग्रह माहीत आहेत.

त्यांपैकी एकाचं नाव आहे 'एचडी १८९७३३ बी'. नाव आहे की फोन नंबर, असं वाटलं ना? आपण त्याला नुसतं 'निळा ग्रह' म्हणू या.

हा ग्रह आपल्यापासून सुमारे ६४ प्रकाशवर्षं दूर आहे. प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर कापतो, ते एक प्रकाशवर्ष. म्हणजे साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर! तिथून आज आपल्यापर्यंत पोचलेला प्रकाश निघाला, तेव्हा तुमचे आजी-आजोबा कदाचित शाळेत जात असतील.

रंग कसा कळला?

इतक्या दूरच्या ग्रहाचा रंग डोळ्यांनी दिसत नाही. ताऱ्याचा आणि ग्रहाचा प्रकाश एकत्र मिसळूनच आपल्याकडे येतो. मग काय करायचं? समजा, दहाजण मिळून गाणं म्हणत आहेत. त्यांतला एकजण उठून बाहेर गेला, तर कोणता आवाज कमी झाला ते लगेच कळतं. शास्त्रज्ञांनी तेच केलं. हा ग्रह फिरता फिरता ताऱ्याच्या मागे लपतो. २०१३ साली हबल दुर्बिणीने मोजलेल्या माहितीतून दिसलं, की तो लपला की निळा प्रकाश थोडासा कमी होतो. हिरव्या प्रकाशात मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे ग्रह निळा!

निळा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं? समुद्र? पाऊस? पृथ्वीसारखं घर? थांबा. आता जरा 'जवळ' जाऊ या.

जवळ गेल्यावर

पृथ्वी सूर्यापासून १५ कोटी किलोमीटर दूर आहे. हा ग्रह आपल्या ताऱ्यापासून जेमतेम ४६ लाख किलोमीटरवर आहे. तो ताऱ्याभोवतीची फेरी सव्वादोन दिवसांच्या आत पूर्ण करतो. तिथलं 'वर्ष' एवढंच! तुम्ही इथे दहा वर्षांचे असाल, तर तिथल्या हिशेबाने सोळाशेहून जास्त वर्षांचे. केक तरी किती कापणार?

तापमान आहे सुमारे १००० अंश सेल्सिअस. घरातला ओव्हन साधारण २५० अंशांपर्यंत तापतो, यावरून कल्पना करा. पाय ठेवायला जमीनही नाही, कारण हा गुरूसारखा वायूचा गोळा आहे. वारे ताशी ८७०० किलोमीटरपर्यंत वेगाने वाहतात. तुम्ही भारतात जाता ते विमान ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने उडतं. म्हणजे तिथला वारा विमानाच्या नऊपट वेगवान!

आणि पाऊस? काच ज्या पदार्थांपासून बनते, त्यांचे बारीक कण तिथल्या हवेत आहेत. इतक्या जोराच्या वाऱ्यात काचेचा हा पाऊस वरून खाली पडत नसावा, तर आडवा मारा करत असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. शिवाय २०२४ साली जेम्स वेब दुर्बिणीच्या मदतीने कळलं, की तिथल्या हवेत हायड्रोजन सल्फाइड आहे. हा वायू सडक्या अंड्यांसारखा वास मारतो. दिसायला निळाशार, पण श्वास घ्यायची सोय नाही!

मग हा निळा रंग आला कुठून? समुद्रातून नाही, तर हवेतून. तिथल्या हवेतले कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. गंमत म्हणजे, लांबचे डोंगर निळसर दिसतात तेही असंच. डोंगर आणि आपण यांच्यामधली हवा निळा प्रकाश विखुरते. म्हणजे आपली म्हण इथे अक्षरशः खरी ठरली, बरं का!

एक ग्रह, एक मराठी शहर

सगळ्याच बाह्यग्रहांची नावं फोन नंबरसारखी नसतात. २०१९ साली भारताला एका ताऱ्याचं आणि त्याच्या ग्रहाचं नाव ठेवायची संधी मिळाली. ताऱ्याला 'बिभा' हे नाव मिळालं, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून. ग्रहाला मिळालं 'संतमस' हे संस्कृत नाव, म्हणजे ढगांनी झाकोळलेला. हे नाव सुचवलं होतं पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने! संतमसही ताऱ्याला चिकटून फिरणारा तापलेला ग्रह आहे. तिथेही राहता येणार नाही.

मग अभ्यास कशाला?

जिथे जाता येणार नाही, त्या ग्रहांचा अभ्यास का करायचा? कारण मोठ्या, तापलेल्या ग्रहांची हवा ओळखणं त्यामानाने सोपं असतं. त्यांच्यावर हात बसला, की लहान, खडकाळ ग्रहांची हवा तपासता येईल. दुसरं म्हणजे, नुसत्या रंगावरून घर ठरत नाही, हे या निळ्या ग्रहाने शिकवलं. उद्या कुणी 'दुसरी पृथ्वी सापडली' असं म्हणालं, तर तुम्ही विचारा : तिथली हवा कशी आहे? तापमान किती? पाणी आहे का? आणि मग एकदा खिडकी उघडून मोठा श्वास घ्या. हे सहज जमतं, असा दुसरा ग्रह अजून आपल्याला सापडलेला नाही.

शब्दार्थ

दमछाक – खूप दमणे
जेमतेम – कसेबसे, फार तर तेवढेच
विखुरणे – सगळीकडे पसरवणे
झाकोळणे – ढगांमुळे अंधारून येणे
हात बसणे – सरावाने एखादे काम चांगले जमू लागणे

स्वाध्याय

१. चूक की बरोबर ते सांगा.
(अ) निळ्या ग्रहावर मोठे समुद्र आहेत.
(आ) ग्रह ताऱ्याच्या मागे गेला, तेव्हा निळा प्रकाश कमी झाला.
(इ) संतमस हे नाव पुण्यातल्या मुलाने सुचवले.

२. एका वाक्यात उत्तर लिहा : लांबचे डोंगर निळसर का दिसतात?

३. शुक्र आपल्याला आकाशात फार सुंदर दिसतो, पण त्याच्या पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश सेल्सिअस तापमान असते. 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण वापरून शुक्राबद्दल तीन वाक्ये लिहा.

४. घरी आजी-आजोबांना किंवा आई-बाबांना विचारा : 'तुम्हांला ही म्हण कधी आठवली होती?' त्यांचे उत्तर वर्गात मराठीत सांगा.