वेगळा केलेला कचरा जातो कुठे?

प्रश्न : पुण्यात माझी छोटी खानावळ आहे. ओला-सुका वेगळा करून दिला, तरी पुढे त्याचं काय होतं?

उत्तर : सुका कचरा थेट कुणाच्या तरी रोजीला लागतो. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली. तिच्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८मध्ये पुणे महापालिकेने तिच्याशी करार केला. दारोदार कचरा गोळा करणाऱ्या या बहुतेक महिलाच. पुठ्ठा, बाटल्या, डबे त्या निवडून विकतात; ते पैसे त्यांचेच. पुठ्ठ्यावर आमटी सांडली की भाव पडतो, वर हात बरबटतात ते त्यांचे. हे मला फार लागतं. खरकटं झाकणाच्या डब्यात ठेवा, दुधाच्या पिशव्या विसळून द्या. फुटकी काच मात्र जाड कागदात गुंडाळून, सांगून हातात द्या.