नदीचे मूळ शोधताना : उंचीच्या आकड्यांवरून पाणलोट क्षेत्राची आखणी

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. तिच्या उत्तरार्धाशी प्रस्तुत लेखास कर्तव्य नाही. पूर्वार्ध मात्र भूगोलाच्या विद्यार्थ्याने मोडावयासच हवा. कारण नदी कोठून येते हे ज्यास ठाऊक नाही, त्यास पूर कोठून येतो हेही ठाऊक नसते.

नदीवरील एखादा बिंदू घेतला, तर ज्या ज्या भूमीवर पडलेला पाऊस उतारावरून वाहत त्या बिंदूपाशी येतो, ती सारी भूमी म्हणजे त्या बिंदूचे पाणलोट क्षेत्र होय. दोन पाणलोटांमधील उंचवट्याची रेषा ती जलविभाजक रेषा. पूर्वी समोच्चरेषांच्या नकाशावर शिसपेन्सिलीने ही रेषा ओढीत असत. त्यास अनेक दिवस लागत. आज शाळेच्या साध्या संगणकावर ‘क्यूजीआयएस’ या विनामूल्य प्रणालीच्या साहाय्याने तेच काम एका दुपारी होऊ शकते.

यासाठी पहिली गरज भूपृष्ठाच्या उंचीची. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अंतराळयानाने अकरा दिवस पृथ्वीप्रदक्षिणा करून रडारद्वारे जगाच्या बहुतांश भूमीची उंची मोजली. ती माहिती आज कोणासही विनामूल्य मिळते. बुद्धिबळाच्या पटासारखी तिची रचना असते. प्रत्येक घर सुमारे ३० मीटर लांब-रुंद आणि प्रत्येक घरात उंचीचा एक आकडा. याला अंकीय उंची प्रतिमान म्हणतात. मूळ माहिती अंशांत असते. म्हणून ती प्रथम मीटरमधील प्रक्षेपणात, पश्चिम महाराष्ट्रासाठी यूटीएमच्या ४३ उत्तर विभागात, रूपांतरित करावी. अपेक्षित खोऱ्यापेक्षा थोडा मोठा प्रदेश घ्यावा, अन्यथा खोऱ्याची कड कापली जाते.

आता पाणी कसे वाहते ते पाहू. प्रत्येक घराभोवती आठ घरे असतात. त्यांपैकी ज्या दिशेस उतार सर्वाधिक तीव्र, त्या दिशेस पाणी जाते, असे संगणक मानतो. समजा, एका घराची उंची ९१२ मीटर, पूर्वेकडील घराची ९०६ आणि आग्नेयेकडील घराची ९०४ आहे. आग्नेयेचे घर अधिक खोल खरे, परंतु कर्णरेषेवर ते सुमारे ४२ मीटर दूर आहे. तेथील उतार ४२ मीटरांस ८, तर पूर्वेचा ३० मीटरांस ६. भागाकार केल्यास पूर्वेचा उतार अधिक ठरतो आणि पाणी पूर्वेस वळते.

अशा रीतीने प्रत्येक घराची दिशा ठरली की वरच्या अंगाची किती घरे आपले पाणी त्याच्याकडे पाठवितात, याची मोजणी होते. यास प्रवाहसंचय म्हणतात. एक घर ९०० चौरस मीटरांचे; तेव्हा एक हजार घरांचे पाणी जेथे जमते, तेथे ९० हेक्टर भूमीचे पाणी येते. ही मर्यादा धरून त्यापुढील घरे रेखाटली की ओढे-नाले व नद्यांचे जाळे पडद्यावर उमटते. मर्यादा कमी केल्यास बारीक ओघळीही दिसतात.

ही सर्व गणना ‘ग्रास’ संचातील ‘आर.वॉटरशेड’ हे साधन करते. इतर साधने वापरताना प्रतिमानातील खोटे खड्डे आधी बुजवावे लागतात. अन्यथा पाणी तेथेच अडते. त्यानंतर ‘आर.वॉटर.आउटलेट’ला नदीवरील बिंदू दिला की त्याचे पाणलोट क्षेत्र आखून मिळते. बिंदू नेमका प्रवाहाच्या घरावरच असावा. एक घर जरी चुकले, तरी विस्तीर्ण खोऱ्याऐवजी टीचभर तुकडा हाती येतो.

उदाहरणादाखल महाबळेश्वरचे पठार घ्यावे. येथून कृष्णा, वेण्णा व कोयना निघतात. सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरते. जलविभाजक रेषेच्या एका बाजूस पडलेला थेंब कृष्णेतून सुमारे १४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागरास मिळतो. दुसऱ्या बाजूचा पोलादपूर, महाडवरून बाणकोटजवळ अरबी समुद्रास जातो. महाड हा बिंदू धरून पाणलोट आखला, की सावित्रीबरोबर काळ व गांधारी या नद्यांची खोरीही त्यात येतात. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुरात बुडाले. अशा नगरास केवळ आपल्या अंगणातील पाऊस पाहून भागत नाही. घाटमाथ्यावर काय कोसळते आहे, हेही त्यास वेळेवर कळावे लागते. कोणत्या डोंगरावरील पर्जन्यमापकाकडे डोळे लावावेत, ते हा नकाशा सांगतो.

परंतु नकाशावर आंधळा विश्वास ठेवू नये. शिवसागर जलाशयाचा पृष्ठभाग सपाट असल्याने तेथे संगणक मन मानेल तशा सरळ रेषा ओढतो. त्याहून मोठी गोष्ट अशी : उताराच्या हिशेबाने कोयनेचे सारे पाणी कऱ्हाडला कृष्णेस मिळावयास हवे. प्रत्यक्षात वीजनिर्मितीसाठी त्यातील मोठा वाटा सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पोफळीकडे नेला जातो आणि पुढे वाशिष्ठीतून अरबी समुद्रास मिळतो. आकाशातून घेतलेल्या उंचीला बोगदा दिसत नाही. मनुष्याने जलविभाजक ओलांडला आहे, हे चौकशी करूनच कळते.

म्हणून आखणी झाल्यावर नकाशा हाती घेऊन शिवारात जावे. ओढा खरोखर तेथेच आहे का, पावसाळ्यात पाणी कोणत्या बाजूने येते, हे गावातील वडीलधाऱ्यांना विचारावे. आपल्या वसतिगृहातून अनेक गावांची मुले शिकून गेली व आज शिकत आहेत. प्रत्येकाने आपल्या गावच्या ओढ्यावर एक बिंदू ठेवून त्याचा पाणलोट आखून पाहावा. बहुतेकांस असे आढळेल की आपल्या विहिरीचे पाणी शेजारच्या गावाच्या माळावरून येते आणि आपण अडविलेले वा नासविलेले पाणी खालच्या गावाच्या वाट्यास जाते. गावाची शीव कागदावर असते. पाणी ती मानीत नाही. पाणलोटाची कामे माथा ते पायथा करावीत, असे जे सांगतात, त्याचे कारण हेच. बंधारा कोठे घालावा याचा निर्णय घेण्यापूर्वी हा नकाशा ग्रामसभेत भिंतीवर लागला, तर वरचे व खालचे गाव एका पाण्याचे वाटेकरी आहेत, ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागणार नाही.