शिफारसपत्र कोणाचे घ्यावे?

वैद्यकीय शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थी बंधू-भगिनींना प्रथमच सांगितले पाहिजे की, आपल्या राज्यात एम.बी.बी.एस.च्या प्रवेशासाठी प्राध्यापकांचे शिफारसपत्र लागत नाही. प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणानुक्रमाने होतो. म्हणून ‘साहेबांची चिठ्ठी आणतो, सीट मिळवून देतो’ असे म्हणणाऱ्याच्या नादी कोणी लागू नये.

शिफारसपत्राचा प्रश्न पुढे येतो. नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २०२० पासून वर्ग सुरू आहेत. तेथील एखादा विद्यार्थी सार्वजनिक आरोग्याच्या उच्च शिक्षणासाठी इंग्लंड-अमेरिकेत अर्ज करील, तेव्हा त्याच्याकडे बहुधा दोन-तीन पत्रे मागितली जातील. ती कोणाची घ्यावीत?

याचे उत्तर बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेत सापडते. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या नजरेस पडला. केळुसकर त्यांच्या वर्गाचे शिक्षक नव्हते. पण त्यांनी हे वाचन पाहिले होते. पुढे सयाजीराव महाराजांकडे त्यांनी शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे प्रा. सेलिग्मन यांच्या हाताखाली त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला. १९१६ मध्ये लंडनला जाताना याच सेलिग्मन यांनी तेथील प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले. बाबासाहेबांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाला १९२५ मध्ये प्रस्तावनाही सेलिग्मन यांचीच आहे. दोघांनीही ऐकीव माहितीवर शिफारस केली नाही. जे डोळ्यांनी पाहिले, तेच सांगितले.

आम्ही यावरून एवढेच म्हणतो की, पत्राचे वजन सहीखालच्या हुद्द्यावर नसते, ओळखीवर असते. अधिष्ठात्यांनी ‘विद्यार्थी हुशार व सुस्वभावी आहे’ असे लिहिले, तर त्यातून वाचणाऱ्याला काही कळत नाही. उलट धडगाव-अक्कलकुवा भागातील सिकलसेल तपासणी शिबिरात तुम्ही रुग्णांशी कसे बोललात, नोंदी कशा ठेवल्यात, चूक झाल्यावर ती कशी कबूल केलीत, हे जनऔषधवैद्यक विभागातील तरुण व्याख्याताही लिहू शकतो. तेच पत्र कामाचे.

विचारताना सरळ विचारावे : “सर, माझ्याविषयी चांगले लिहिता येईल इतके माझे काम आपण पाहिले आहे का?” उत्तर देताना सर घुटमळले, तर आभार मानून दुसऱ्यांकडे जावे. मुदतीपूर्वी निदान दीड-दोन महिने सांगावे. सोबत गुणपत्रके, केलेल्या कामाची यादी आणि कोठे, कशासाठी अर्ज करतो आहोत याचे टिपण द्यावे.

‘तूच लिहून आण, मी सही करतो,’ असेही काही ठिकाणी ऐकू येते. असे पत्र लिहू नये. ते खोटे तर असतेच, शिवाय तीन पत्रांची भाषा एकसारखी दिसली की अर्जावरचा विश्वासच उडतो. अशा वेळी कामाचे टिपण पुढे ठेवून, लिहिणे त्यांच्याकडेच सोपवावे.

आमची मुले वर्गात मागच्या बाकावर बसतात, शंका विचारायला संकोचतात. घरात पहिल्यांदाच कोणी शिकत असले म्हणजे असे होते. मग अंतिम वर्षी पत्र हवे असते, तेव्हा नावाने ओळखणारा एकही प्राध्यापक नसतो. म्हणून पहिल्या वर्षापासूनच पुढे बसा, विचारा, शिबिरांत नाव द्या. शिफारसपत्राची पहिली ओळ तेव्हाच लिहिली जाते.